बारा फेडर

मल्लेश्वरम, बेंगळूर
११ जून १९६१

प्रिय अक्का,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील. आधी नमस्कार घे, मग राग. भावोजींनाही नमस्कार सांग, पोरींना पापे.

मामाकडे येऊन महिना झाला. हे गेल्यावर सासरी दीड वर्ष कसं काढलं ते तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही. इथं मला कोणी टाकून बोलत नाही. मामी तोंडानं फटकळ आहे, पण वाढताना हात आखडत नाही. मामा तर मामाच.

त्याचा धंदा तू लहानपणी पाहिलास तसा राहिलेला नाही. तेव्हा घड्याळं दुरुस्त करायचा. आता जुने रेडिओ, लाउडस्पीकर, ॲम्प्लिफायर लिलावात घेतो, नीट करून विकतो. तंबूतले सिनेमावाले, मांडववाले, भजनी मंडळं ही गिऱ्हाइकं. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथं खंडोजी म्हणून एकजण दुरुस्तीला बसतात. पूर्वी पलटणीत वायरलेसवर होते. आणि बाजूच्या लहान खोलीत मी. हो, मीही काम करते!

झालं असं की पहिला आठवडा मी नुसतीच बसून असायचे. एक दिवस मामानं मेथी निवडायला द्यावी तशी एक टोपली माझ्यापुढं ठेवली. आत रेडिओची बटणं, शंभरेक असतील. म्हणाला, "मथुरा, एवढी धुऊन दे ग. गिऱ्हाईक आतली मशीन बघत नाही. बटणाला हात लावून बघतं."

अक्का, बटणाच्या खाचांत काय काय असतं म्हणून सांगू! घाम, खोबरेल, तंबाखूचा चुना, एकात तर हळदकुंकू. कुणीतरी रेडिओची पूजा केली असणार. रिठ्याच्या कोमट पाण्यात दोन तास भिजवायची, दातांच्या जुन्या ब्रशानं घासायची, खाचांतून सुई फिरवायची आणि सुकली की खोबरेलाचं बोट. नव्यासारखी होतात.

आता मामानं पुढचंही शिकवलं. बटणाच्या मागं, आत, जी पट्टी असते ती मळली की आवाज वाढवताना खरखर येते, चणे भाजताना येते तशी. ती साफ करायला बाटलीतलं औषध लागतं. त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही टेट्रा म्हणतो. लाँड्रीवाले डाग काढायला वापरतात तेच. वास गोडसर. पूर्वी मामा पेट्रोल वापरायचा, पण एकदा स्टोव्हजवळ भडका उडाला तेव्हापासून बंद. टेट्रा पेटत नाही, म्हणून बाईमाणसाच्या हाती द्यायला बरं, असं तो म्हणतो.

परवा खंडोजींनी मी साफ केलेला रेडिओ लावला. कान जवळ नेला आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक. एवढंच. ते फार बोलत नाहीत. पण त्या 'सरी'वर मी दिवसभर खूश होते. माझं काम बघून कुणी काही म्हटलं त्याला किती वर्षं झाली?

माझ्या खोलीला रस्त्याकडची खिडकी आहे. समोर हॉटेल. काम करता करता येणारी जाणारी माणसं बघते. बरं वाटतं.

तुझी,
मथुरा


सोंडूर
२५ जून १९६१

चि. मथुरा,

तुला माझे पोटभर आशीर्वाद. पत्र वाचून बरं वाटलं आणि थोडी काळजीही वाटली. दोन्ही लिहिते, कारण तुला माझ्याशिवाय सांगणारं कोण आहे? आई असती तर तिनं सांगितलं असतं.

काम करतेस ते चांगलं. मामाच्या घरी फुकट खाल्लं असं कुणी म्हणायला नको. पण हा खंडोजी कोण? वय काय? घरी बायको-मुलं आहेत का? तू अख्ख्या पत्रात मामाबद्दल चार ओळी लिहिल्यास आणि त्याच्याबद्दल पाच. मी मोजल्या. तू सरळ आहेस हे मला माहीत आहे, पण लोक सरळ नसतात. चोवीस वर्षांची विधवा मुलगी परक्या माणसाशेजारच्या खोलीत दिवसभर बसते, एवढं लोकांना पुरतं. आपल्या घराण्यात पाट लागत नाही, हे तुला मी सांगायला नको.

आणि ती खिडकी. तुला हॉटेल दिसतं म्हणतेस. तुला हॉटेल दिसतं तर हॉटेलातल्यांना तू दिसतेस. ती खिडकी लावून बसत जा. एवढं माझं ऐक.

इकडं सगळं ठीक. ह्यांना खाणीच्या कचेरीत बढती मिळायची बोलणी आहेत, त्यामुळे घरी येणंजाणं वाढलंय. धाकटीचे दात पडताहेत. तिला सांगितलं, मावशी बटणं धुते. तर म्हणते, शर्टाची का?

तुझी,
सोयराक्का


मल्लेश्वरम, बेंगळूर
६ ऑगस्ट १९६१

प्रिय अक्का,

धाकटीला सांग, शर्टाची नव्हेत, आवाजाची.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देते. खंडोजी छत्तिसाचे आहेत. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. ते इथल्याच श्रीरामपुरात आईबरोबर राहतात. मला एवढंच माहीत आहे. या वेळी ओळी मोज, चारच झाल्या.

खिडकी लावून बसते. मामीला ते फार पटलं. म्हणाली, "सोयराला अक्कल आहे." खंडोजी दुपारी पाणी प्यायला आत येतात तेव्हा स्वतः उघडतात. "वास कोंडतो," म्हणतात. मी सांगते, धूळ येते. धूळ खरंच येते, पण ती काही खरी गोष्ट नाही. खरी गोष्ट त्यांना कशी सांगणार? ते गेले की मी पुन्हा लावते.

आता मोठी बातमी. मद्रासचा एक स्टुडिओ बंद पडला, तिथला मिक्सर मामानं आणलाय. पलंगाएवढं लोखंडी मेज, त्यावर बारा मोठी काळी बटणं. एकेक बटण एकेका माईकचा आवाज कमी-जास्त करतं. त्याला फेडर म्हणायचं. यल्लाप्पा म्हणून एक नाटक कंपनीचा मालक आहे, त्याला तो दसऱ्याच्या मुक्कामाआधी हवा आहे. मामा त्या मेजाभोवती देवळात फिरावं तसा फिरतो. म्हणतो, "हे एक जमलं की रेडिओची मडकी विकणं बंद."

फेडरचं काम बारीक आहे. बटण काढलं की आत पितळेच्या टिकल्या गोल मांडलेल्या असतात, एका फेडरमध्ये तीसेक. त्यांवरून एक पाती फिरते. वर्षानुवर्षांचा तेलकट मळ त्या टिकल्यांवर बसून काळा झालेला. काडीला कापूस गुंडाळायचा, टेट्रात बुडवायचा, एकेक टिकली पुसायची. कापूस काळा येतो, मग करडा, मग पांढरा. पांढरा आला की पुढची टिकली. खंडोजी म्हणाले, हे काम त्यांच्या हातून इतकं नीट झालं नसतं, त्यांना धीर नाही. एक फेडर पुरा करायला मला चार दिवस लागले. तो जोडून ऐकला तेव्हा मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. फिरवताना काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता आवाज चढत होता, पूर चढावा तसा.

स्वल्प डोकं दुखतं हल्ली. जेवण जात नाही, सकाळी मळमळतं. पावसाळी हवा. मामी आलं-लिंबू देते. तू काळजी करू नकोस.

तुझी,
मथुरा


सोंडूर
२७ ऑगस्ट १९६१

गं. भा. मथुराबाई यांस,

मामीचं पत्र काल आलं. ते ह्यांच्या हाती पडलं नाही, एवढी देवाची दया.

मामी लिहिते की तू रोज सकाळी ओकतेस. उभी राहिलीस की भोवळ येते. दोन महिने तू बाहेर बसलेली नाहीस. तिनं तुला विचारलं तर तू म्हणालीस, पावसाळी हवा. मलाही तेच लिहिलंस. तीन लेकरांच्या आईला तू पावसाळी हवा सांगतेस?

खंडोजी दुपारी पाणी प्यायला आत येतो, हे तूच लिहिलं होतंस. मी मूर्ख, ते वाचून हसले होते.

मी तुला आईच्या जागी होते. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, तुझी वेणी मी घातली, तुला अक्षरं मी गिरवून दिली. शाळेत कन्नड शिकलीस, पण हे मराठी जे लिहितेस ते माझ्या हातचं आहे. त्या अक्षरांत तू मला खोटं लिहिलंस.

इकडं येऊ नकोस. ह्यांची बढती अडेल, पोरींची लग्नं अडतील. मामीला जे करायचं ते ती करील, तिनं एका सुईणीचं नाव लिहिलं आहे. मला त्यातलं काही कळवू नये. सोंडुरात आपलं कोणी आहे हे विसर.

सोयराबाई


मल्लेश्वरम, बेंगळूर
२ सप्टेंबर १९६१

सौ. सोयराबाई यांस,

तुमचं पत्र मिळालं. मामीनं सुईणीला आणलं होतं. मी तिला हात लावू दिला नाही. मामी म्हणाली, "हीच खूण." आता घरात माझ्याशी मामाच तेवढा बोलतो, तोही खाली बघून.

मी काही केलेलं नाही. मला काय होतंय ते मलाच कळत नाही. पाय सुजतात, हात कापतात, लघवीला होत नाही. हे बहिणीला लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. यापुढं लिहिणार नाही.

आठ फेडर झाले, चार उरले. ते पुरे करून मी इथून जाईन. कुठं ते अजून ठरलेलं नाही.

मथुरा


बेंगळूर
१९ सप्टेंबर १९६१

सोयराबाईंस खंडोजीचा रामराम.

मी आपल्याला कधी पाहिलेलं नाही. पत्र लिहावं की नाही यात दोन दिवस गेले. मथुराबाईंनी लिहू नका म्हटलं होतं. आता त्या सांगण्याच्या अवस्थेत नाहीत, म्हणून लिहितो.

त्या मोठ्या दवाखान्यात आहेत. डोळे आणि अंग हळदीसारखं पिवळं झालंय. चार दिवस लघवी जवळजवळ बंद आहे. मध्येच शुद्ध जाते. आपण ताबडतोब निघावं.

झालं ते क्रमानं सांगतो. पाच तारखेला आपले मामा जयसिंगराव यांनी मला सांगितलं, "खंडोजी, थोडे दिवस दुकानात येऊ नका. घरात बायका बोलताहेत." काय बोलताहेत ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी पाटावरची हत्यारं उचलली आणि निघालो. तेव्हा मी भांडायला हवं होतं. पण मी भांडलो तर लोक म्हणतील, भांडायला याचं काय लागलंय. म्हणून गेलो. मिक्सरचं माझं काम झालेलं होतं, फक्त फेडरची सफाई उरली होती.

मग त्या दहा दिवस एकट्याच त्या खोलीत बसल्या. सकाळी नऊ ते अंधार पडेपर्यंत. पूर्वी दुपारी मी जाऊन खिडकी उघडायचो. ती उघडणारं आता कोणी नव्हतं. पंधरा तारखेला यल्लाप्पा मिक्सर बघायला आले, त्यांनी दार ढकललं तर बाई मेजावर डोकं टेकून पडलेल्या. हातात कापसाची काडी. यल्लाप्पांनीच टांग्यातून दवाखान्यात नेलं आणि मला निरोप धाडला.

डॉक्टरांना प्रथम वाटलं, दारूचा प्रकार आहे. मला विचारलं, "पितात का?" मी म्हटलं, नाही. "काम काय करतात?" मी म्हटलं, बटणं साफ करतात. "कशानं?" मी सायकलवर दुकानात जाऊन बाटली आणली. त्यांनी बूच काढलं, लगेच लावलं आणि बाटली बाहेर ठेवायला सांगितली.

"खोली केवढी?"

"दहा फूट बाय सहा."

"खिडकी?"

"आहे. बंद असते."

"का?"

मी म्हटलं, धूळ येते म्हणतात. डॉक्टर म्हणाले, हे औषध नुसतं नाकानं आत गेलं तरी यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होतात. मळमळ, भोवळ, सूज, बायकांची पाळी बंद होणं, सगळं त्यानंच. मी पलटणीत चार वर्षं हेच वापरलं, पण उघड्यावर. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं.

संध्याकाळी बाई थोड्या शुद्धीवर होत्या. मी विचारलं, "खिडकी का लावत होता?" म्हणाल्या, "अक्कानं सांगितलं होतं."

आणखी एक लिहितो. लिहायची लाज वाटते, पण आपल्या मनात असणार. डॉक्टरांनी तपासलं. दुसरं काही नाही. नव्हतंच.

आपण यावं.

खंडोजी


सोंडूर
५ नोव्हेंबर १९६१

माझी मथुरा,

तुला अनेक, अनेक आशीर्वाद. गाडीत बसल्यापासून जीव तुझ्याकडेच आहे. घरी पोचले तर पोरी गळ्यात पडल्या, धाकटी म्हणाली, "मावशी कुठाय?" मला रडू आवरेना.

परवावर दिवाळी आली, पण यंदा काही करावंसं वाटत नाही. ह्यांनी फराळाचं म्हटलं तर मी म्हटलं, बहीण यमाच्या दारातून आलीय, चकल्या कुणाला सुचतात?

ते पाच आठवडे मी विसरणार नाही. तुझा तो पिवळा चेहरा! वॉर्डाच्या दारात डॉक्टर भेटले, तर मी पहिलं हेच विचारलं, "वाचेल ना हो?" दुसरं काही सुचलंच नाही. मग जेव्हा तुला लघवी सुटली आणि नर्स अनुसूयाबाई भांडं घेऊन धावत बाहेर आल्या, तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये बसून देवाला दंडवत घातला. लोक हसत होते, हसू देत.

एक गोष्ट बोलायची राहिली. तिथं बोलता आलं नाही, तू डोळे मिटून असायचीस. ते पत्र मी लिहायला नको होतं. पण मथुरा, मामीनं जे लिहिलं ते तू वाचलं असतंस तर तुलाही तसंच वाटलं असतं. आणि तूही काही नीट सांगितलं नाहीस. पावसाळी हवा काय, आलं-लिंबू काय. एक शब्द धड लिहिला असतास, की अक्का, त्या औषधाच्या वासानं होतंय, तर मी त्याच दिवशी निघाले असते. खिडकीचं मी सांगितलं, ते तुझ्या भल्यासाठी. त्यानं असं होईल हे मला काय स्वप्न पडणार होतं? इथल्या मारुतीला मी रोज विचारते.

जाऊ दे. इथं सगळ्यांना कावीळ झाली होती असं सांगितलंय. कुणाला काही ठाऊक नाही. ह्यांनाही बाकीचं ठाऊक नाही. तू संक्रांतीला इकडं ये, कायमची. मी स्वतः न्यायला येते. मागची खोली रंगवून घेते. पोरींना शिकव, शिवण कर. तिथं आता राहू नकोस, आणि तो माणूस तिथं येत-जात असेल तर त्याच्याशी बोलू नकोस. त्यानं पुष्कळ केलं, त्याचे उपकारच आहेत. पण उपकार दुरून मानावेत.

काय आणू ते कळव.

तुझीच,
अक्का


बेंगळूर
२६ नोव्हेंबर १९६१

अक्का,

नमस्कार. अक्षर वेडंवाकडं आहे, हात अजून थोडा कापतो. डॉक्टर म्हणतात, कापणं जाईल. मूत्रपिंडं सावरली, यकृताचं सांगता येत नाही. मीठ कमी, तळलेलं नाही, आणि त्या औषधाला जन्मात हात लावायचा नाही. काम संपल्यावर मामानं टेट्राचा उरलेला डबा परत करून टाकला. नऊ फेडर मी केले होते, उरलेले तीन त्यानं अंगणात बसून केले. मिक्सर यल्लाप्पानं नेला. मामा दोनदा माझ्यासमोर रडला. मामी रडली नाही, पण रोज बिनमिठाची पेज ती करते, आणि मी सगळी पिईपर्यंत दारात उभी असते.

तुझ्या पत्राचं उत्तर लिहायला तीन आठवडे लागले. आता सरळ लिहिते.

तू वॉर्डाच्या दारात डॉक्टरांना पहिलं काय विचारलंस ते मी ऐकलं. माझी खाट दारापाशीच होती. डोळे मिटलेले होते, पण मी जागी होते. तू विचारलंस, "हिला दिवस गेलेत का?" खंडोजींनी पत्रात लिहिलं होतं, तरी विचारलंस. डॉक्टर म्हणाले, "नाही, अम्मा. पण बाई वाचतील की नाही ते सांगता येत नाही." त्यातलं पहिलं तेवढं ऐकून तू केवढा मोठा श्वास सोडलास! तो श्वास मला ऐकू आला. मग तू आत आलीस, माझे पाय धरलेस आणि रडलीस. ते रडणं खोटं नव्हतं, मला माहीत आहे. पाच आठवडे तू माझं सगळं केलंस, घाण काढलीस, रात्री जागलीस. तेही खोटं नव्हतं. पण तो श्वासही खोटा नव्हता, आणि मला सगळ्यांत आधी तोच आठवतो.

तू म्हणतेस, धड एक शब्द लिहिला असतास तर. अक्का, वासानं होतंय हे मलाच ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते लिहिलं होतं. डोकं दुखतं, मळमळतं, पाय सुजतात.

आता जे लपवलं होतं तेही लिहिते, म्हणजे आपल्यात काही उरायला नको. खंडोजींबद्दल माझ्या मनात होतं. ते पाणी प्यायला यायचे तेव्हा मी पदर सारखा करायचे. ते एकदा म्हणाले होते, "तुम्ही बसता तिकडं काम आहे असं वाटत नाही, पूजा आहे असं वाटतं." ते वाक्य मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं. बाकी काही नाही. त्यांनी कधी वर पाहिलं नाही, मी कधी बोलले नाही. तेव्हा तुझा संशय अगदीच हवेतला नव्हता. तू फक्त मनातलं पोटात आहे असं धरलंस.

दवाखान्यातून आल्यावर गेल्या रविवारी ते मला बघायला आले. मामा बसला होता, मामी दारात होती. मी दोघांसमोर त्यांना विचारलं, "मला नेता का?" मामीच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला आता कुणाची भीती वाटत नाही, यमाची भेट झाल्यावर एवढं तरी होतं.

त्यांनी आधी मामाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई, तीन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर आईला घेऊन त्याच दिवशी आलो असतो. आता नेलं तर सगळे म्हणतील, बघा, खरंच होतं."

मी म्हटलं, "म्हणू देत."

ते म्हणाले, "तुम्ही म्हणू देत म्हणाल. मी रोज बाजारात जाईन तेव्हा लोक तुमच्याबद्दल जे बोलतील ते ऐकून मला हात उचलावा लागेल. आज एकावर, उद्या दुसऱ्यावर. माझ्याच्यानं होणार नाही."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी "सरी" म्हटलं. ते उठले, मामाला नमस्कार केला. बुधवारी कोलारला गेले, तिथं खाणीत वायरिंगचं काम मिळालंय. आईला नंतर नेणार आहेत.

मी सोंडूरला येणार नाही. मागची खोली रंगवू नकोस, तिथं पोरींना झोपू दे. नर्स अनुसूयाबाईंनी मला मुलांच्या वॉर्डात आयाचं काम मिळवून दिलंय. एक डिसेंबरला रुजू व्हायचं. त्यांच्याच घरी, बसवनगुडीला, एक खोली आहे. मामा नको म्हणाला, मग म्हणाला, "रविवारी जेवायला येत जा." येईन.

तू संक्रांतीला येऊ नकोस. पोरींना माझे पापे दे. कावीळ झाली होती असं सांगितलंस ते तसंच राहू दे, माझी हरकत नाही.

मी तुला माफ केलं, असं लिहायलाच आज बसले होते. तीन कागद फाडले. मायना होतो, तब्येतीचं होतं, आणि त्या वाक्यापाशी आलं की हात थांबतो. कापतो म्हणून नव्हे. ते वाक्य अजून माझ्यापाशी नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी, मग ते वर्षानं असो की दहा वर्षांनी, दुसरं काही न लिहिता तेवढंच एका कार्डावर लिहून पाठवीन. तोवर मी लिहिणार नाही, आणि तूही लिहू नकोस.

मथुरा